सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता, आणि तो कोणत्या कसोटीवर ठरवावा?

मंद्रसप्तक:

रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ बँड कोणता, हा वाद कित्येक दशके चालू आहे आणि तो मिटेल अशी माझी अपेक्षाही नाही. परंतु तो ज्या रीतीने घातला जातो, त्या रीतीने माझे समाधान होत नाही. एकजण खपाचे आकडे पुढे करतो, दुसरा प्रभाव पडलेल्या कलावंतांची यादी वाचतो, तिसरा एखाद्या गाजलेल्या मैफलीचा दाखला देतो, आणि तिघेही निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असल्यामुळे कोणाचेच कोणाला पटत नाही. खप हेच प्रमाण मानायचे झाले, तर ईगल्सच्या १९७१ ते १९७५ या काळातील निवडक गाण्यांच्या संग्रहाला २०१८ साली अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनमचे, म्हणजे ३ कोटी ८० लाख प्रतींइतक्या खपाचे प्रमाणपत्र मिळाले, एवढे सांगून विषय संपायला हवा. तो संपत नाही. ईगल्सवर मनापासून प्रेम करणारे श्रोतेसुद्धा एवढ्या आधारावर त्यांना सर्वश्रेष्ठ म्हणायला धजावत नाहीत.

म्हणून मी एक कसोटी सुचवतो. एकट्या गीतकाराचे, गायकाचे किंवा गिटारवादकाचे मोठेपण तात्पुरते बाजूला ठेवावे. ती माणसे एकत्र आल्यामुळे जे निर्माण झाले आणि त्यांच्यापैकी एक जरी वेगळा असता तरी जे झाले नसते, तेवढेच जमेला धरावे. या हिशेबात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यासारखा, एकट्याच्या बळावर मोठा ठरलेला कलावंत स्पर्धेबाहेर राहतो, हे मला ठाऊक आहे. त्यांचे श्रेष्ठत्व वादातीत आहे, पण तो प्रश्न वेगळा.

माझे स्वतःचे मत लेड झेपलिनकडे झुकते. २५ सप्टेंबर १९८० रोजी ड्रमवादक जॉन बॉनम यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी द हू या बँडचे कीथ मून गेले होते, आणि त्यांच्या जागी दुसरा वादक घेऊन तो बँड पुढे चालू राहिला. चौघांपैकी एक गेल्यावर उरलेल्यांना पुढे जाणे अशक्य वाटावे, यातच त्या चौघांच्या एकजिनसीपणाचा पुरावा आहे असे मला वाटते. आपली मते वाचायला आवडतील, मात्र कृपया नुसते नाव सांगून थांबू नये; कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी ते मोठेपण ऐकू येते, तेही लिहावे.

चौथा ट्रॅक:

आपली कसोटी मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझे उत्तर बीटल्स हे आहे. प्रसिद्धीचे वलय आणि किंकाळ्या फोडणारी गर्दी या दोन्ही गोष्टी मी बाजूला ठेवतो. राहतो तो प्रवास. ऑक्टोबर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'लव्ह मी डू' घ्या: हार्मोनिका, दोन गळे आणि सरळ ठेका असलेले ते साधे, काहीसे बुजरे गाणे आहे. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, एप्रिल १९६६ मध्ये, याच चौघांनी 'टुमॉरो नेव्हर नोज' ध्वनिमुद्रित केले. इतक्या थोड्या काळात इतके अंतर कापलेला दुसरा बँड मला माहीत नाही.

त्या दुसऱ्या गाण्यापाशी थोडे थांबतो, कारण तुम्ही मागितलेली जागा तिथे आहे. ते गाणे जवळजवळ सबंध एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुळणीवर उभे आहे, त्यामुळे पाश्चात्य गाण्यात स्वरसंगती बदलून जी हालचाल साधली जाते ती इथे उपलब्धच नाही. हालचाल आणायची ती ठेक्यातून आणि नादातून. रिंगो स्टार यांनी एक अडखळता, पण यंत्रासारखा न चुकणारा ठेका धरला. त्या वेळी अवघे वीस वर्षांचे असलेले ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून मायक्रोफोन नियमापेक्षा बराच जवळ नेला. पॉल मॅकार्टनी यांना घरी टेपची टोके जोडून, तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारी वेटोळी करून प्रयोग करण्याचा नाद होता. तशी पाच वेटोळी पाच यंत्रांवर एकाच वेळी फिरवण्यात आली आणि ती ताणून धरण्यासाठी माणसे पेन्सिली घेऊन उभी होती. जॉन लेनन यांचा आवाज ऑर्गनसाठी बनवलेल्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला गेला. म्हणजे गाणे लेनन यांचे, वेटोळी मॅकार्टनी यांची, ठेका रिंगो यांचा, आणि भारतीय संगीतातील अखंड आधारस्वराची ओढ त्या काळात सर्वांत जास्त होती ती जॉर्ज हॅरिसन यांना. यांपैकी एकही धागा काढला तर गाणे उरत नाही.

रिंगो यांच्याविषयी अनेक जण कमी लेखून बोलतात, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ते डावखुरे आहेत, पण ड्रमची मांडणी उजव्या हाताच्या वादकाची वापरतात. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्यांचे हात इतरांपेक्षा उलट दिशेने सुटतात आणि ओळींमधल्या मोकळ्या जागा भरणारे आघात अनपेक्षित होतात. 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेनन यांच्या ओळी संपल्यावर ते जे काही वाजवतात त्याला साथ म्हणणे अपुरे आहे. तो गायकाला दिलेला जबाब आहे.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'चे उदाहरण सर्वांना माहीत असेल, तरीही ते इथे नोंदवणे आवश्यक वाटते. त्या गाण्याची दोन रूपे ध्वनिमुद्रित झाली होती, एक हलके आणि एक वाद्यवृंदासह जड, आणि लेनन यांना एकाची सुरुवात व दुसऱ्याचा शेवट हवा होता. दोन्हींची पट्टी वेगळी होती आणि लयही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन व एमरिक यांनी एकाची गती वाढवून आणि दुसऱ्याची कमी करून ती जुळवली. साधारण एका मिनिटानंतर तो सांधा येतो. एकदा कळल्यावर तो प्रत्येक वेळी ऐकू येतो, आणि तरीही तिथे गाणे तुटत नाही.

तिहाई:

मंद्रसप्तक यांच्या निवडीशी मी सहमत आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणाशी नाही. बॉनम गेल्यावर बँड थांबला हे उरलेल्या तिघांच्या निष्ठेचे द्योतक आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु थांबण्याच्या निर्णयावरून संगीताची प्रत ठरत नाही. ती ठरवायची असेल तर वाजवण्यावरूनच ठरवली पाहिजे, आणि तिथे झेपलिनची बाजू भक्कम आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे चौघे दोन अगदी भिन्न ठिकाणांहून आले. गिटारवादक जिमी पेज आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारे, वेळेचे मोल जाणणारे व्यावसायिक वादक होते. गायक रॉबर्ट प्लांट आणि बॉनम हे इंग्लंडच्या मध्य भागातील, गावोगावच्या रंगमंचांवर घडलेले तरुण. १९६८ मध्ये एकत्र आल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि त्याला एकूण सुमारे ३६ तास लागले. त्यातील पहिलेच गाणे, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', ऐकताना बॉनम यांच्या उजव्या पायाकडे लक्ष द्यावे: एकाच पायाने, एकाच ड्रमवर वाजवलेले ते तिप्पट आघात अनेक वादकांना दोन पाय वापरूनही जमत नाहीत.

मात्र नुसत्या हातापायांच्या कौशल्याने बँड थोर होत नाही. 'काश्मीर' (१९७५) हे गाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गिटार आणि वाद्यवृंद तीन-तीन मात्रांच्या खंडांत वर चढत जातात, तर बॉनम खाली चार-चार मात्रांचा ठेका अजिबात न हलवता धरून ठेवतात. दोन्ही बारा मात्रांनी एकत्र समेवर येतात आणि पुन्हा सुटतात. आपल्याकडे लयकारी ऐकलेल्या श्रोत्याला या रचनेत काय गंमत आहे हे समजावून सांगावे लागत नाही. मला विशेष वाटते ते बॉनम यांच्या संयमाचे. पेज यांच्या रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला चिकटून तीन मात्रांचा ठेका धरणे सोपे होते, आणि तसे केले असते तर गाणे एका वळणदार सुरावटीपलीकडे गेले नसते.

आणखी एक जागा सांगतो. १९७१ च्या चौथ्या अल्बमचा शेवट 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ने होतो. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात बॉनम यांचे ड्रम मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वर, जिन्याच्या मोकळ्या जागेत टांगले होते. ड्रमच्या जवळ एकही मायक्रोफोन नव्हता. आपण जे ऐकतो तो ड्रम आणि त्या घराच्या भिंती यांचा मिळून झालेला नाद आहे. त्या नादावर तीनही सहकाऱ्यांनी आपले वादन आणि गायन बेतले, ड्रमला जागा करून दिली, आणि सात मिनिटे कोणी घाई केली नाही. हार्मोनिका, स्लाइड गिटार, बेस, सगळे त्या ठेक्याच्या आत वावरतात. एमरिक यांनी मायक्रोफोन जवळ नेला आणि जॉन्स यांनी दूर नेला, हा योगायोग मला फार आवडतो.

बीटल्सविषयी माझा आक्षेप एवढाच, आणि तो आदराने घेतला जावा: ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅन्डलस्टिक पार्क येथील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे थांबवले. त्यानंतरचे त्यांचे श्रेष्ठ काम हे पुष्कळदा एकेकट्याने येऊन भर घालत केलेले काम आहे. जी माणसे एकाच खोलीत, एकाच क्षणी एकमेकांचे ऐकून वाजवत नाहीत त्यांचे कर्तृत्व थोर असेलही, पण मूळ प्रश्नात मांडलेल्या कसोटीला ते कितपत उतरते? याउलट झेपलिनचे 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' रंगमंचावर अर्ध्या तासाच्या घरात जात असे आणि त्यात पुढे काय होणार हे त्या क्षणी चौघांच्या नजरानजरेवर ठरत असे.

मागचा ठेका:

एकमेकांचे ऐकून वाजवणे हीच कसोटी असेल, तर रोलिंग स्टोन्सचे नाव इतका वेळ का निघाले नाही याचे मला आश्चर्य वाटते. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमवादकाच्या मागे जातात. स्टोन्समध्ये ड्रमवादक चार्ली वॉट्स कीथ रिचर्ड्स यांच्या गिटारमागे जात, आणि त्या पाठलागातून ठेक्यात जो किंचित ढिलेपणा येई तो दुसऱ्या कोणाला नक्कल करून आणता आलेला नाही. रिचर्ड्स गिटारची सर्वांत जाड सहावी तार काढून टाकतात आणि उरलेल्या पाच तारा ओपन जी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे बोट न दाबताही एक पूर्ण कॉर्ड वाजेल अशा लावतात. त्यामुळे खालचा भाग बेससाठी मोकळा राहतो आणि त्यांचा प्रत्येक कॉर्ड तुटक, नेमका वाजतो. वॉट्स यांच्या हातांकडे चित्रफितीत पाहिले तर दिसेल की स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) आघात करताना ते हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) उजवा हात उचलून घेतात. त्या एका सोडलेल्या आघातामुळे स्नेअर एकटा, मोकळ्या हवेत पडतो.

१९६९ चे 'हॉन्की टॉन्क विमेन' ऐका. सुरुवातीला निर्माते जिमी मिलर काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) वाजवतात, वॉट्स त्यात थोडे तिरके शिरतात, आणि गाणे संपेपर्यंत लय स्पष्टपणे वाढलेली असते. आजच्या पद्धतीने संगणकावर ती लय कोणी 'सुधारली' तर गाणे तिथेच मरेल. १९६८ ते १९७२ या काळात 'बेगर्स बँक्वेट', 'लेट इट ब्लीड', 'स्टिकी फिंगर्स' आणि 'एक्साइल ऑन मेन स्ट्रीट' हे सलग चार स्टुडिओ अल्बम त्यांनी दिले. वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेले तोपर्यंत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षे, ते याच बँडमध्ये होते. सभासद बदलले हे खरे आहे. ब्रायन जोन्स, मिक टेलर आणि बिल वायमन यांच्या काळांची तुलना करून भांडता येईल. पण गिटार आणि ड्रम यांच्यातला तो संवाद शेवटपर्यंत तोच राहिला.

जड स्वर:

माझे उत्तर थोडक्यात: ब्लॅक सबाथ. त्यांच्या नावावर हेवी मेटल हा एक सबंध संगीतप्रकार आहे, आणि तो कोठून सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येते. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे असल्यामुळे गिटारचे स्वर दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला, बारीक तारा चढवल्या आणि पुढे 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बमपर्यंत येता येता ताराही खाली उतरवल्या. तारा सैल, नाद जड आणि सुरावट संथ, या सगळ्याला त्या हाताची मर्यादा कारण आहे.

फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या पहिल्या अल्बममधील शीर्षकगीत घ्या. रिफमध्ये स्वर तीनच: षड्ज, त्याचा वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. त्या तीव्र मध्यमावर आयोमी बोट हलवत राहतात, गीझर बटलर यांचा बेस खालून तोच स्वर घट्ट धरतो, आणि बिल वॉर्ड यांचे ड्रम ठेका धरण्याऐवजी मधल्या शांततेत आघात पेरत जातात. त्यावर ऑझी ऑस्बर्न यांचा आवाज येतो, जो घाबरवत नाही तर स्वतः घाबरलेला वाटतो. तो सबंध अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. आणि ५ जुलै २०२५ रोजी, ऑस्बर्न यांच्या मृत्यूच्या अवघे सतरा दिवस आधी, मूळचे चौघेच बर्मिंगहॅममध्ये पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. मंद्रसप्तक यांच्या कसोटीला आणखी काय हवे, हे मला समजत नाही.

मूळ गाणे:

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले आणि मला एक गोष्ट फार खटकली. सुचवलेले चारही बँड इंग्लंडचे आहेत, चारही पुरुषांचे आहेत, आणि चौघांनीही जे संगीत हाती घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी आधी घडवले होते. १९६१ मध्ये डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर स्टोन्सचे गायक मिक जॅगर आणि रिचर्ड्स यांची गाठ पडली तेव्हा जॅगर यांच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्याच ध्वनिमुद्रिका होत्या. तिहाई यांनी ज्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे इतके सुंदर वर्णन केले, ते मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले, दोन वर्षांपूर्वीच्या मिसिसिपीच्या महापुरावरचे गाणे आहे. तिथे निदान मिनी यांचे नाव छापले गेले. झेपलिनच्याच 'होल लॉटा लव्ह'च्या बाबतीत, ब्लूज गीतकार विली डिक्सन यांना आपल्या गाण्याचे श्रेय मिळवण्यासाठी १९८५ मध्ये दावा लावावा लागला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. विजेवर चालणारी गिटार गळ्यात अडकवून रॉकची भाषा ज्यांनी सर्वांच्या आधी वाजवली त्या सिस्टर रोझेटा थार्प यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये २०१८ साली स्थान मिळाले, म्हणजे बीटल्सच्या नंतर तब्बल तीस वर्षांनी आणि स्वतःच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

एवढ्यावर थांबलो तर ती नुसती तक्रार होईल, म्हणून नाव सांगतो: स्लाय अँड द फॅमिली स्टोन. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या या बँडमध्ये कृष्णवर्णीय आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष, सगळे एकत्र होते आणि स्त्रियांपैकी सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट वाजवत होत्या. 'डान्स टू द म्युझिक' (१९६८) हे गाणेच या धाग्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यात वाद्ये एकेक करून आत येतात, प्रत्येकाची ओळख करून दिली जाते, आणि गाण्याची ओळ एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. कोणीही मागे उभा नाही. लॅरी ग्रॅहम यांचा बेस लक्ष देऊन ऐका. आईबरोबर ड्रमवादकाविना कार्यक्रम करताना त्यांनी अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ड्रमची आणि बोटाने खेचून स्नेअरची उणीव भरून काढली होती, आणि त्या गरजेतून निघालेली ती पद्धत आज जगभर शिकवली जाते.

कसोटीची उलट बाजूही याच बँडमध्ये सापडते. १९७१ च्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन'पर्यंत माणसे दुरावू लागली होती, ड्रमवादक ग्रेग एरिको निघून गेले होते आणि त्यांच्या जागी काही गाण्यांत ठेका देणारे यंत्र आले होते. तो अल्बम मोठा आहे, पण त्यातला एकटेपणा कानांना लगेच जाणवतो. ती माणसे एकत्र असताना काय होते, हे त्यांच्या अनुपस्थितीतून इतके स्पष्ट ऐकू येणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मंद्रसप्तक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ गाणे यांचा प्रतिसाद वाचून मी आज 'डान्स टू द म्युझिक' पुन्हा पुन्हा ऐकले, आणि माझ्या यादीत ते नाव नव्हते ही उणीव यादीची होती हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. बॉनम यांच्या जाण्यावरून मी काढलेला निष्कर्ष कच्चा होता, हा तिहाई यांचा मुद्दाही रास्त आहे.

एक शंका मात्र उरते. जॉर्ज मार्टिन आणि एमरिक हे बीटल्स नव्हते, अँडी जॉन्स झेपलिनमध्ये नव्हते, आणि स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'चा सर्वोच्च क्षण गायिका मेरी क्लेटन यांचा आहे. वरच्या स्वरावर त्यांचा आवाज चिरकतो, मागे जॅगर यांचा उद्गार ऐकू येतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांसाठी आपण ते गाणे जन्मभर ऐकत राहतो. क्लेटन त्या बँडच्या सभासद नव्हत्या. ही सगळी माणसे हिशेबात कुठे धरायची? आणि चौथा ट्रॅक यांना विशेष विचारतो: १९६६ नंतर बीटल्स एकत्र वाजवत नव्हते, या आक्षेपाला आपले उत्तर काय?

चौथा ट्रॅक:

बाहेरच्या माणसांविषयी माझे मत असे, की त्यांना ओळखून आत घेणे हाही बँडच्या कर्तृत्वाचाच भाग आहे, पण त्यांचे नाव प्रत्येक वेळी घेतले गेले पाहिजे. क्लेटन यांच्याशिवाय 'गिमी शेल्टर'ची चर्चा होऊच नये.

दुसऱ्या प्रश्नाला दोन उत्तरे देतो. पहिले असे, की एकत्र वाजवण्याची शिदोरी त्यांनी फार आधी बांधली होती. १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून झालेला हा बँड होता, आणि म्हणूनच ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात पहिल्या अल्बममधील चौदापैकी दहा गाणी ध्वनिमुद्रित होऊ शकली. सर्दीने बसलेल्या घशाने लेनन यांनी 'ट्विस्ट अँड शाउट' सर्वांत शेवटी, एका दमात गायले. दुसऱ्यांदा गाण्यासाठी आवाज उरला नव्हता. पुढे ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या थंडीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी कीबोर्डवादक बिली प्रेस्टन यांना सोबत घेऊन ४२ मिनिटे वाजवले, आणि त्यातील 'आय हॅव गॉट अ फीलिंग', 'डिग अ पोनी' व 'वन आफ्टर ९०९' या तीन गाण्यांचे गच्चीवरचेच ध्वनिमुद्रण 'लेट इट बी' या अल्बममध्ये आहे. अडीच वर्षे रंगमंचापासून दूर असलेली माणसे गारठलेल्या बोटांनी असे वाजवतात.

दुसरे उत्तर 'अॅबी रोड' या अल्बममधील 'द एंड' हे गाणे आहे. बँड म्हणून तुटण्याच्या बेतात असताना मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन याच क्रमाने आळीपाळीने दोन-दोन बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचे छोटे आवर्तन) गिटार वाजवतात, आणि अशा तीन फेऱ्या होतात. तिघेही एकाच वेळी स्टुडिओत उभे राहून वाजवत होते. मॅकार्टनी यांची वाक्ये टोकदार, हॅरिसन यांची लांबवलेली आणि सुरेल, लेनन यांची खरखरीत व ठोकळ. प्रत्येकजण आधीच्याने जिथे सोडले तिथून उचलतो. त्या अठरा बारांआधी रिंगो यांचे एकल वादन येते, जे बीटल्सच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांतले त्यांचे एकमेव आहे.

तिहाई:

'द एंड'विषयी आपण जे लिहिले ते मी निमूटपणे मान्य करतो. तो आक्षेप मी मागे घेतो, निदान त्या अठरा बारांपुरता. तरीही माझे मत झेपलिनलाच आहे, आणि त्याचे कारण एका अत्यंत छोट्या आवाजात आहे. १९७० च्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये बॉनम यांच्या मोठ्या ड्रमचे पेडल करकरते आणि ते ध्वनिमुद्रणात तसेच राहिले आहे. चांगल्या हेडफोनवर, गाणे अगदी हळू असताना ऐका. जोन्स हातांनी ऑर्गन आणि पायांनी बेसचे स्वर वाजवत आहेत, पेज तार सोडण्याच्या आधी किंचित थांबतात, प्लांट श्वास घेतात, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये ते पेडल करकरते. बीटल्सचे 'द एंड' पुन्हा ऐकून मी उद्या इथेच परत येतो. तोपर्यंत आपण हे गाणे ऐकावे आणि त्या चौघांत कोण कोणाच्या मागे जात आहे, हे मला सांगावे.